वृंदाचा नकार

बडा बाजारात एका गाड्यापाशी मी पपई दाबून बघत होतो, तेव्हा मेधाचा फोन आला. त्या दिवशी सकाळी वृंदाला पपई खावीशी वाटली होती. कित्येक दिवसांनी तिने आपणहून काही मागितलं, म्हणून मी तसाच चपला अडकवून निघालो होतो. "बाबा, तुम्ही घरी या," मेधा म्हणाली. "आलोच, पपई घेतो आणि येतो." "पपई राहू द्या. मम्मी गेली, बाबा." आमची मेधा झाशीतच जन्मली आणि वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की दुसऱ्या वाक्याला ती हिंदीवर घसरते. हे वाक्य मात्र तिने स्वच्छ मराठीत सांगितलं, आणि मी तिथे उभा राहून नेमका त्याचाच विचार करत राहिलो. फळवाला विचारत होता, "बाबूजी, तौल दें?" मी हो म्हणालो. पपई घेऊनच घरी आलो.

त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, सुटल्या बिचाऱ्या. मी मान हलवतो. मग ते गेले की उठतो, लक्ष्मी गेटपर्यंत चालत जातो, परत येतो, खुर्चीत बसतो, पुन्हा उठतो. कुठे थांबावंसंच वाटत नाही. लोकांना वाटतं हे दुःख आहे. ते आहेच... पण त्यात रागही आहे, आणि तो वृंदावरचा आहे. तिच्यावर ऑपरेशन होऊ शकत होतं. ती नको म्हणाली.

मी मूळचा भुसावळचा, रेल्वेच्या नोकरीने झाशीला आलो. वृंदाचं घराणं मात्र इथे पिढ्यान् पिढ्या मुरलेलं. तिचे पूर्वज महाराष्ट्रातून पौरोहित्याला आले आणि इथलेच झाले. ती भूलतज्ज्ञ होती. झाशीतल्या तीन-चार खासगी रुग्णालयांतून तिला बोलावणं असायचं. ऑपरेशन करणारा सर्जन पेशंटला आधीपासून ओळखत असतो. भूल देणारी बाई त्याला बहुतेक वेळा थेट टेबलावरच भेटते. तोवर संमतीच्या कागदावर सही झालेली असते, वॉर्डात कुणीतरी "इधर साइन कर दो" म्हणून घेतलेली, पुष्कळदा नवऱ्याची किंवा मुलाची. वृंदाची पद्धत अशी, की सुई हातात घेण्याआधी ती पेशंटच्या डोक्याशी वाकायची आणि विचारायची, आज तुमचं काय होणार आहे, मला सांगा बरं. त्याला सांगता आलं, तर पुढे जायचं. थिएटरमधली माणसं ताटकळायची. "तुझ्यामुळे त्यांची पुढची केस लांबते," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाली, "अहो, मी त्या माणसाची शुद्ध काढून घेणार असते. निदान तो काय म्हणतोय ते त्याआधी ऐकायला नको?"

एकदा झाशी जिल्ह्यातल्याच मोठ गावाजवळून रामकली नावाची एक बाई आली होती. चाळिशीची, अंगावरून फार जायचं, रक्त कमी झालेलं. गर्भपिशवी काढायची ठरली होती. कागदावर नवऱ्याची सही होती आणि तिचा अंगठाही. टेबलावर वृंदाने नेहमीप्रमाणे विचारलं. ती म्हणाली, गाठ निघणार आहे. "और बच्चादानी?" वृंदाने विचारलं. बाई म्हणाली, ती कशाला निघेल? तिचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांपूर्वी विहिरीत बुडून गेला होता. गाठ निघाली की पुन्हा दिवस जातील, एवढ्या एकाच आशेने ती शहरात आली होती. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. बायको घाबरून नाही म्हणेल, म्हणून त्याने तिला सांगितलं नव्हतं. वृंदाने हातमोजे काढले. सर्जनसाहेब म्हणाले, "मॅडम, अंगूठा लगा हुआ है, और क्या चाहिए?" "अंगूठा गाँठ के लिए लगा है," वृंदा म्हणाली. त्या दिवशी ऑपरेशन झालं नाही. रामकली चालत बाहेर आली आणि गावी निघून गेली.

इथेच गोष्ट संपली असती, तर ती वृंदाच्या कौतुकाची झाली असती. पण महिन्याभराने रामकलीला जीपमध्ये आडवी घालून परत आणलं, पांढरीफटक. घरी एवढं रक्त गेलं होतं, की नाडी हाताला लागत नव्हती. सर्जनसाहेबांनी वृंदाला फोन केला. मी शेजारीच होतो. त्यांचा आवाज फोनबाहेर येत होता : "आपके एक सवाल की वजह से ये मर रही है." वृंदा गेली. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवलं, बाई वाचली. ते दोन दिवस वृंदा घरात नुसती फिरत होती, स्वयंपाकघरातून गच्चीत, गच्चीतून खाली. दूध उतू गेलं तरी तिच्या लक्षात येत नव्हतं. मी म्हणालो, "तू बरोबरच केलंस." ती माझ्यावर ओरडली, "बरोबर कसं? ती मेली असती तर?" मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तरी मी पुन्हा विचारीनच..."

रामकलीला बरं वाटल्यावर वृंदा तिच्या खाटेशी जाऊन बसली. नवऱ्याला तिने बाहेर थांबवलं. पिशवी काढली तर काय, नाही काढली तर काय, मूल होण्याची आशा कितपत आहे, हे सगळं तिने बुंदेलीत सांगितलं. तिला ती भाषा लहानपणापासून येत होती. रामकली खूप रडली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच सांगितलं, काढून टाका. ऑपरेशन त्याच सर्जनसाहेबांनी केलं, भूल वृंदानेच दिली. त्यानंतर दर हिवाळ्यात रामकली ताजे मटार घेऊन आमच्या दारात उभी राहायची. दोघी ओसरीवर बसून सोलायच्या. काय बोलायच्या, मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला वृंदाचे डोळे पिवळे दिसायला लागले. साधी कावीळ असेल म्हणून मी निश्चिंत होतो, ती नव्हती. स्वादुपिंडात गाठ निघाली. दिल्लीच्या एका मोठ्या रुग्णालयात आम्ही तिघं गेलो. तिथला सर्जन तरुण होता, भला होता. ऑपरेशन फार मोठं आहे, पण करता येईल, म्हणाला. वृंदाने त्याला तासभर प्रश्न विचारले. टेबलावरच जाण्याची शक्यता किती, त्यातून उठले तर नंतर काय, जेवता येईल का, आणि गाठ परत आली तर? तो काही न लपवता उत्तरं देत गेला. संमतीचा कागद तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, नीट घडी घालून त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "नहीं, डॉक्टर साहब." कावीळ उतरावी म्हणून नळी घालून घ्यायला ती तयार झाली. त्यापुढे नाही.

परतीच्या गाडीत मी तिच्याशी बोललो नाही. ग्वाल्हेर मागे पडल्यावर मात्र राहवेना. "माझ्यासाठी तरी कर," मी म्हणालो. आजूबाजूला माणसं होती, माझा आवाज चढला होता. मेधा खिडकीबाहेर बघत रडत होती. वृंदा म्हणाली, "अहो, तुमच्यासाठी मी टेबलावर झोपले, तर ती सही तुमची होईल. माझी नाही." "मग होऊ दे माझी!" "आयुष्यभर मी लोकांना तेच करू दिलं नाही... आता तुम्हाला करू देऊ?"

मी कितीतरी दिवस धुमसत होतो. तिच्या मैत्रिणींना फोन केले, तिच्या भावाला बोलावून घेतलं. सगळ्यांनी समजावलं. ती सगळ्यांना चहा द्यायची, ऐकून घ्यायची. पाच-एक महिने मिळाले. त्यातले सुरुवातीचे चांगले गेले, हे मला कबूल करावंच लागेल. ती गच्चीत उन्हाला बसायची, मेधाला पुरणपोळी शिकवायची, माझ्याशी पत्ते खेळायची आणि उघड लबाडी करायची. ती हसायची तेव्हा मला वाटायचं, ऑपरेशन केलं असतं तर हे असं आणखी काही वर्षं चाललं असतं. की हेही मिळालं नसतं? रोज मी दोन्ही बाजूंनी हिशेब मांडतो, आणि रोज तो वेगळा येतो.

तेराव्याला रामकली आली. कुणाकडून कळलं कोण जाणे. या वेळी हात रिकामे होते. बाकीचे जेवून गेल्यावर मी तिच्यासमोर बसलो आणि जे कुणाला विचारलं नव्हतं ते तिला विचारलं. त्या दिवशी वृंदाने तुला टेबलावरून उठवलं, नंतर तू मरता मरता वाचलीस. तुला तिचा राग नाही आला कधी? रामकलीने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता ती वृंदाचे गुण गाईल. "हओ," ती म्हणाली, "रिस आई ती. भौत आई ती." आला होता राग, खूप आला होता. मग म्हणाली, "डॉक्टरनी जी सें कही सोई ती." तिने तो वृंदाला तोंडावर सांगितलाही होता! मी विचारलं, मग ती काय म्हणाली? कछू नईं, रामकली म्हणाली, बैठी रईं. काहीच नाही. नुसती माझ्याजवळ बसून राहिली.

मेधाने रजा वाढवून घेतली आहे. वृंदाच्या खोलीत भिंतीतलं एक फडताळ आहे, त्यात तिच्या साड्या. परवा सकाळी मेधा दाराशी उभी राहून म्हणाली, "बाबा, मम्मी की साड़ियाँ... काढू का मी?" मी म्हणालो, आज नको. तिने कारण विचारलं नाही, समजावलं नाही. काल तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हणालो. आज सकाळी मी पेपर वाचत होतो, तर ती आली, आईसारखीच माझ्या डोक्याशी किंचित वाकली आणि तिसऱ्यांदा विचारलं, तितक्याच शांतपणे, जणू माझं उत्तर तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.