नामदेवची नडगी

दुसरं महायुद्ध सुरू होऊन वर्ष झालं होतं. निजामाच्या फौजेतली आमची पलटण तेव्हा परभणीत, स्टेशनपलीकडच्या माळावर तंबूत होती. मी नर्सिंग ऑर्डर्ली, हुद्दा लान्स नाईक. सकाळी साडेसहाला सिक परेड, म्हणजे आजाऱ्यांची तपासणी, आठला ड्रेसिंग, संध्याकाळी पाचला पुन्हा फेरी. पेशंट बहुतेक हिवतापाचे, नाहीतर पायाला फोड आलेले.

शिपाई नामदेव जवळच्याच पालम गावचा. शेतकऱ्याचा मुलगा, वय बावीस. खेचरावर सामान चढवताना खेचराने लाथ मारली आणि त्याच्या डाव्या नडगीचं हाड मोडलं. आमचे डॉक्टर, कॅप्टनसाहेब, हैदराबादचे. त्यांनी हाड बसवून प्लास्टर घातलं आणि मला बजावलं, "सूजन उतरी तो प्लास्टर ढीला होता. रोज देखना. ढीला लगा तो फौरन बोलना."

दहाव्या दिवशी माझं बोट प्लास्टरच्या आत सहज गेलं. त्या आठवड्यात हिवतापाची साथ होती, खाटा पुरत नव्हत्या. उद्या सांगू म्हटलं. उद्याही राहून गेलं. नंतर सांगायची भीती वाटू लागली.

सहाव्या आठवड्यात प्लास्टर कापलं. हाड जुळलं होतं, पण वाकडं. कॅप्टनसाहेब बराच वेळ पाय बघत राहिले. मग मला बाजूला घेतलं.

"ऐसाच छोड़े तो फौज से छुट्टी, घर. नहीं तो फिर तोड़ के सीधा बिठाना. हड्डी अभी कच्ची है. पूछो उसको."

मी नामदेवच्या खाटेवर बसलो. आधी माझी चूक सांगितली. त्याने ऐकून घेतली, रागावला नाही.

"असंच ठिवलं तर, नाईकसाब?"

"घरी जाशील. लंगडशील, पण शेतातलं काम जमेल."

"आन् तोडलं तर?"

"सरळ होईल. या वेळी मी जपतो."

हे मी फार पटकन बोललो. तो पाय सरळ व्हायला हवा होता तो त्याच्यापेक्षा मला.

"तोडा मंग," तो म्हणाला. "लंगडत गावात न्हाई जायचं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला क्लोरोफॉर्म दिला. पायाखाली कापूस गुंडाळलेला लाकडी ठोकळा ठेवला. मी घोटा धरला, कॅप्टनसाहेबांनी दोन्ही हातांनी दाब दिला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

त्यानंतर मी रोज दोनदा प्लास्टर तपासलं. अकराव्या दिवशी ढिलं लागलं, त्याच तासाला रिपोर्ट केला, नवं घातलं. तिसऱ्या आठवड्यात हाडाची टोकं चिकटू लागतात. ती हलायची थांबली आणि त्याचं दुखणं कमी झालं. सातव्या आठवड्यात प्लास्टर काढलं, तेव्हा मोडलेल्या जागी गाठ हाताला लागली. नवं हाड असंच आधी ओबडधोबड येतं, मग झिजून घोटीव होतं. बाराव्या आठवड्यात त्याने कुबडी सोडली. मांडी काठीसारखी बारीक झाली होती, ती भरायला आणखी दोन महिने गेले. पाचव्या महिन्यात कॅप्टनसाहेबांनी कागदावर लिहिलं, फिट.

तीन आठवड्यांनी पलटणीला मलायाचा हुकूम आला. मला डेपोत मागे ठेवलं. नामदेव पूर्ण पॅक पाठीवर घेऊन स्टेशनपर्यंत तीन-तीनच्या रांगेत चालत गेला. मी फक्त त्याचे पाय बघत होतो. कुठला मोडला होता ते ओळखू येत नव्हतं.

मलायात तो विमानतळाच्या पहाऱ्यावर असताना बाँब पडले, त्यात गेला. हे मला युद्ध संपल्यावर कळलं, परत आलेल्या एका हवालदाराकडून.

मी पालमला गेलो. त्याची आई अंगणात तुरी पाखडत होती. मी नाव सांगितलं. ती सूप ठेवून उठली.

"तुमीच का ते पायवाले? त्याच्या चिठ्ठीत तुमचंच लय असायचं. मास्तर वाचून दाखवायचे."

मी काही बोलायच्या आत ती माझ्या पायाशी वाकली.

"माझं लेकरू लंगडं न्हाई राहू दिलं तुमी. लय उपकार झाले."

तिला सगळं सांगायचं ठरवूनच मी आलो होतो. सांगितलं नाही. तिने भाकरी वाढली, ती खाल्ली.

नामदेवची समाधी नाही, मलायात नाही, इथेही नाही. म्हणून हे लिहून ठेवलं. त्या दिवशी त्याच्या खाटेवर बसून 'सरळ होईल' म्हणायच्या ऐवजी मी गप्प राहिलो असतो, तर तो पालमच्या तुरीच्या रानात आज लंगडत का होईना, हिंडत असता.