शिट्टीच्या आतले तीन ठिपके

काल सायकलच्या दुकानात ग्रीसचा वास आला आणि छोट्या रेल्वेगाडीचं बंद पडलेलं इंजिन शेड आठवलं. तिथे एकदा संग्रहालयात न्यायच्या वस्तूंचा पंचनामा होता आणि मी पंच होतो. रेल्वेच्या साहेबांनी इंजिनाची चकचकीत पितळी शिट्टी पुढे केली. शेडमधल्या निवृत्त फिटरचाचांनी तिच्या आत बोट फिरवलं. तिथला प्रत्येक फिटर दुरुस्त केलेल्या भागावर आतून आपली खूण ठोकायचा. "माहे तीन ठिपके नाईत. हे आपली शिट्टी नोय बापू, सही करू नको." साहेब हसले. "चाचा, म्हातारपणी बोटं बधिर होतात." "बोटं शाबूत हायेत साहेब, शिट्टीच बदलली." मी पेन खिशात ठेवलं. दुसऱ्याची सही घेऊन पंचनामा झालाच. संग्रहालयात आज त्या शिट्टीखाली 'अस्सल' अशी पाटी आहे, आणि मी रेल्वेला केलेल्या प्रत्येक अर्जात तेच विचारतो, मग चाचांनी दुरुस्त केलेली कुठे गेली?