केळीचं सोपट आणि आमची गाडी

विरारला फ्लॅट घेतल्यावर, नव्वदच्या दशकात, आम्ही एक जुनी गाडी घेतली. ती चालता चालता बंद पडायची आणि काही केल्या सुरू व्हायची नाही. दर वेळी आमचे हे बाह्या सरसावून प्लग काढत, पुसत, पुन्हा बसवत. बऱ्याच वेळाने गाडी सुरू झाली की म्हणत, "बघ, प्लगच होता!"

एकदा मे महिन्यात, भर दुपारी ती विरारजवळच्या नंदाखालला बंद पडली. ह्यांनी पाना काढला आणि माझं डोकंच फिरलं. "अहो, राहू द्या तो प्लग! सकाळच्या गारव्यात ही कधी बंद पडलीये का? उन्हातच का पडते?"

मी बॉनेटखाली हात घातला. पेट्रोलच्या पंपाला बोट लागलं आणि चटकाच बसला. आत पेट्रोलची वाफ होत असेल, तर इंजिनापर्यंत पोचणार काय, कपाळ?

शेजारच्या वाडीत केळी तोडत होते. माहेरी कोकणात आम्ही गजरे ताजे राहावेत म्हणून केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, ठेवायचो, ते आठवलं. वाडीतल्या काकूंना विचारून मी तोडलेल्या केळीचं गार, पाणीदार सोपट सोलून आणलं आणि पंपाभोवती गुंडाळलं.

थोड्या वेळाने गाडी एका चावीत सुरू झाली.

"प्लग सुकला असेल," हे म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत बसले.

पुढच्या रविवारी निघताना मी डिकी उघडली. स्टेपनीशेजारी ओल्या गोणपाटात ताजं सोपट नीट गुंडाळून ठेवलेलं होतं. पाना मात्र कुठेच दिसला नाही.