चौथा चौकोन

आमच्या धरणगावच्या संस्थेत कामाचं मोजमाप शिकवायला भाऊ जळगावहून येतात आणि कामाचं बोलण्याआधी फळ्यावर चार चौकोन काढतात. साधनं, काम, किती झालं, कोणाचं काय बदललं. मध्ये बाण. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना भेटायचा आमचा कार्यक्रम. पहिल्याच महिन्यात सगळी घरं फिरून आल्यावर मी ऐटीत सांगितलं, "बठ्ठा घर फिरी उनू, भाऊ!"

त्यांनी मान तिरकी केली. "बरं. मग?"

तो 'मग' मला अजून टोचतो. "जाणं हे आपलं काम झालं. त्या घरातल्या आजीचं काय बदललं?" त्यांनी विचारलं.

कुठलाही फॉर्म लोकांना देण्याआधी ते स्वतः भरून बघतात. परवा त्यांनी भरलेला फॉर्म माझ्या हाती आला. 'या आठवड्यात तुमच्या घरी कोण आलं?' यापुढची जागा कोरी होती.

"एक रकाना राहिला तुमचा," मी म्हणालो.

"राहिला नाही," हाताचा खडू झटकत ते म्हणाले. "भरलाय."

रविवारी मी त्यांना भेटायला म्हणून जळगावला त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि तसाच परत फिरलो. आलो होतो, हे त्यांना सांगायची सोय नाही. ते मान तिरकी करून विचारतील, "बरं. मग?"