मनगटावरची बोटं

सातपुड्यातला धबधबा चढायच्या सहलीला मी हट्टानं गेले. "आई, या वयात?" असं सून म्हणाली, म्हणूनच गेले. धबधब्यापाशी वाटाड्यानं आम्हा सगळ्यांची साखळी केली आणि बजावलं, "पंजा नाही, मनगट पकडा."

माझ्यापुढं वरवट बकालला गाडीत चढलेली एक अनोळखी बाई होती. पातळ घट्ट खोचलेलं, हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या. माझं मनगट धरायच्या आधी तिनं त्या बांगड्यांवर रुमाल गुंडाळला. "तुमच्या हाताले काच नको लागाले," म्हणाली. मग प्रत्येक दगडावर मागं वळून "हाव, या" म्हणत राहिली, वासराला पाण्यावर न्यावं तशी.

निम्म्यावर शेवाळावरून माझे दोन्ही पाय सुटले. तोंडावर पाणी, खाली नुसता आवाज. मी तिच्या हाताला लोंबकळले. ती पालथी पडून दगडाला चिकटली, पण हात सोडला नाही.

वर पोचल्यावर पाहिलं, तर रुमाल वाहून गेलेला, हातात एकच बांगडी उरलेली आणि मनगटावर रक्त. "अहो, माझ्यापायी तुमच्या बांगड्या!" मला रडूच आलं.

तिनं हात पाण्यात धुतला आणि हसली. "बांगड्या त बजारात भेटतात, बाई. तुमी कुठी भेटल्या असत्या?"

परतताना ती गावी उतरून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. रात्री माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ पाहून सून घाईनं तेल घेऊन आली.

"राहू दे गं," मी म्हटलं. "इतक्यात जायला नकोत."