मधला लाडू कसा बसवायचा?

अन्याय माझ्या ताईवर झाला. यंदाच्या रथसप्तमीला, संध्याकाळी पाच वाजता, बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात, आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर तिचं बोलणं अर्ध्यात तोडलं. तोडणारी, सोसायटीची सेक्रेटरी.

ताई लेसरच्या लॅबमध्ये अणूंवर संशोधन करते. सुट्टीवर आली होती. "नक्की करतेस तरी काय गं?" हे आई तिला कायम विचारते. आई पहिल्या रांगेत बसली होती. ताईला खरं तर तिलाच सांगायचं होतं.

तिने घरचं आप्पेपात्र नेलं होतं. खळग्यांत तिळाचे लाडू, काहींना हळद लावलेली, काहींना कुंकू. "शेजारी शेजारी एका रंगाचे नकोत," एवढं म्हणेपर्यंत सेक्रेटरीकाकू उठल्या.

"अगं, सौभाग्याचं लेणं ते! खायच्या वस्तूला काय फासतेस? चला गं, उखाणे घ्या!"

बायका हसल्या. आईने मान खाली घातली.

मी पाण्यासाठी, रस्त्यांसाठी पत्रकं काढते. घरी येताच लिहायला बसले. 'जाहीर निषेध! सेक्रेटरींनी माफी मागावी!' झकास जमलं. दुसऱ्याच ओळीला अडले. ताई सांगत काय होती? ते न लिहिता निषेध कसला? उल्हासनगरचा माझा छपाईवालासुद्धा विचारेल, "मॅडम, हुआ क्या था?"

ताईला ओट्यापाशी गाठलं. तिने तेच आप्पेपात्र पुढे ओढलं.

"हे खळगे उजेडाचे समज. लेसर समोरासमोर सोडले की उजेडातच असे खळगे पडतात. अणू इतके गार करायचे, की ते जवळजवळ थांबतात. मग खळग्यात बसतात. प्रत्येक अणू म्हणजे इवलंसं चुंबक. हळद म्हणजे त्याचं तोंड वर, कुंकू म्हणजे खाली. शेजारी शेजारी उलटेच हवेत. बसव आता."

कडेचे सहा लाडू मी हळद, कुंकू, हळद, कुंकू असे मजेत लावले. मधला उरला. हळदीचा ठेवला तर कडेच्या हळदीशी भांडण. कुंकवाचा ठेवला तर कुंकवाशी.

"ही चीटिंग आहे, ताई!"

"निसर्गाला सांग. काही चुंबकांत अणूंची अशीच गोची होते."

"मग कॉम्प्युटरला विचार की."

"थोडे असले तर सांगतो. वाढले की हात टेकतो. अणू हळद का कुंकू हे आधी ठरलेलंच नसतं, आणि सगळे एकमेकांत गुंतलेले. म्हणून आम्ही तोच डाव खऱ्या अणूंना मांडून देतो, आणि बघतो ते काय करतात."

आई कधी मागे येऊन उभी राहिली, कळलंच नाही. तिने मधला लाडू उचलला, एका अंगाला हळद, दुसऱ्या अंगाला कुंकू लावून ठेवला. "आता?"

"जवळ आलीस. पण अर्धा-अर्धा नाही, आई. दोन्ही एकदम."

"म्हणजे कसं?"

"तेच तर शोधतेय."

आईने स्टूल ओढलं. "बरं, मग पुढे?"

इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा 'पुढे' म्हटलं. ताईचा चेहरा मी बघितला आणि पत्रकातली माफीची मागणी खोडली. माफी घेऊन काय करायचंय? ताईला बोलायला वेळ हवाय.

तुमच्याही सोसायटीत कुणाची तरी लेक अशी अर्ध्यात बसवली गेली असेल. पुढच्या हळदीकुंकवाला तिला उभी करा. शेवटपर्यंत बोलू द्या. उखाणे नंतर. आणि तोवर रिकामे बसू नका. घरचं आप्पेपात्र काढा, मधला लाडू बसवून दाखवा.