दुसऱ्याच्या गालाचं माप

दुबईकडच्या उम्म अल कुवैनच्या एका शूटिंग क्लबात मी निशाणाचे कागद बदलायचो. तिथे एकदा कुडाळकडचा एक सुतार आला. रायफलींचे लाकडी दस्ते, नेम धरताना गाल टेकतो ते, कोरणं हे त्याचं काम. एका अरब गिऱ्हाइकाच्या गालाचं, खांद्याचं माप घेऊन त्याने शिकारीची कस्टम रायफल तयार केली होती. गिऱ्हाईक यायच्या आधी त्याने ती आणि क्लबातली फॅक्टरीची, अशा दोन्ही खांद्याला लावून पाच-पाच गोळ्या झाडल्या. फॅक्टरीची भोकं तळहाताएवढ्या जागेत आली. कस्टमची मात्र कागदभर विखुरली.

मला हसू आलं. तो म्हणाला, "हसतोस काय? ती माझ्या गालाची नाही."

मग गिऱ्हाईक आलं. त्याच्या पाचही गोळ्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या. "खलास, हबीबी!" म्हणत ते रायफल घेऊन गेलंसुद्धा.

"दादा, स्वतःच्या मापाची एक करा की," मी म्हणालो.

"वीस वर्षं झाली इथे. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही रे. दुसरं माणूस लागतं."

टेप त्याच्या हातातच होती. त्याने ती सावकाश गुंडाळली. आणि मी, गाढव, नवा कागद लावायला निघून गेलो.